लेजंड गायब, लेजंड कापलेला, आणि माणिकडोहचं झालेलं माणकिडोह

पावसाळ्यात दर सोमवारी सकाळी मी एक चार्ट करतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर, पुण्याला पाणी देणारी चार धरणं, चौघांच्या चार लाइन, १ जूनपासून कालपर्यंतचा साठा टीएमसीत (अब्ज घनफुटांत), आणि खाली रोजच्या पावसाचे बार. पायथनची साठ-सत्तर ओळींची स्क्रिप्ट आहे. डेटा आणणं, तारखा सरळ करणं, मधले गाळलेले दिवस भरणं हे सगळं एकदा जमलं ते जमलं, पण लेजंडचा घोळ काही संपत नाही. लेजंड म्हणजे कोपऱ्यातली ती छोटी चौकट, कुठल्या रंगाची लाइन कुणाची हे सांगणारी. कधी ती दिसतच नाही, कधी अर्धी कापली जाते, कधी नेमकी पानशेतच्या लाइनवर जाऊन बसते आणि एकदा तर तिच्यात चाराच्या जागी चाळीस नावं आली होती.

दर वेळी तेच शोधायचं, तेच विसरायचं, म्हणून म्हणलं एकदाच सगळं लिहून ठेवू. हे सगळं मॅटप्लॉटलिब या पायथनच्या चार्ट काढायच्या लायब्ररीबद्दल आहे, पण तुम्ही पांडाज किंवा सीबॉर्न या दुसऱ्या लायब्रऱ्या वापरत असाल तरी आत शेवटी तोच बसलाय, त्यामुळे बराचसा भाग तुम्हालाही लागू पडेल.

लेजंड म्हणजे शाळेतली हजेरी समजा. ज्या क्षणी तुम्ही लेजंड काढायला सांगता त्या क्षणी, त्या एका एक्सिसमध्ये (मॅटप्लॉटलिबमध्ये एका अख्ख्या आलेखाला एक्सिस म्हणतात, कोडमध्ये सहसा एएक्स), ज्यांच्या गळ्यात लेबल आहे तेवढ्यांचीच नावं लागतात. नंतर वर्गात आलेलं पोरगं हजेरीत नाही, शेजारच्या तुकडीतलं नाही, आणि ज्याचं नावच घातलेलं नाही ते तर नाहीच नाही. म्हणून काहीही बिघडलं की मी आधी लेजंडच्या ओळीच्या बरोबर वर एक प्रिंट टाकतो, एएक्सवरचं गेट लेजंड हँडल्स लेबल्स नावाचं फंक्शन आहे (शब्दांच्या मधे अंडरस्कोअर), ते दोन याद्या देतं, एक हँडल्सची (म्हणजे चार्टवरच्या लाइन, बार वगैरे वस्तू) आणि एक लेबलांची. याद्या रिकाम्या आल्या तर दोष लेबलांचा किंवा क्रमाचा. याद्या बरोबर आहेत आणि तरी चार्टवर लेजंड नाही, तर दोष जागेचा किंवा सेव्ह करण्याचा. हे एक प्रिंट टाकलं की अर्धं शोधकाम वाचतं, तरी मी स्वतः दर वर्षी जूनमध्ये हे विसरतो आणि उगाच लोकेशनशी खेळत बसतो.

रिकामी यादी

'नो आर्टिस्ट्स विथ लेबल्स फाउंड टू पुट इन लेजंड' असं वॉर्निंग येतं (जुन्या व्हर्जनला आर्टिस्ट्सच्या जागी हँडल्स होतं) आणि चार्टवर एक केविलवाणी रिकामी चौकट उरते. दहापैकी आठ वेळा लेजंडची ओळ प्लॉटच्या आधी लिहिलेली असते. ज्युपिटर नोटबुकमध्ये सेल वरखाली केले की हे हमखास होतं. लेजंड शेवटी, सगळं काढून झाल्यावर, बस.

उरलेल्या दोन वेळांमध्ये एक म्हणजे प्लॉटला लेबल दिलंच नाही. आणि दुसरी जरा छुपी आहे, लेबल अंडरस्कोअरने सुरू होतं. मॅटप्लॉटलिब स्वतः बिननावाच्या लाइनींना आतून 'अंडरस्कोअर चाइल्ड शून्य' अशी नावं देतो आणि लेजंड काढताना अंडरस्कोअरवाले सगळे गाळतो, त्यामुळे तुमच्या सीएसव्हीतल्या कॉलमचं नाव अंडरस्कोअरने सुरू होत असेल आणि तुम्ही लूपमध्ये कॉलमचं नावच लेबल म्हणून देत असाल तर ती लाइन चार्टवर दिसेल पण लेजंडमध्ये नाही. कॉलमचं नाव पुढून साफ करून द्या, प्रश्न मिटला.

नावाचं पहिलंच अक्षर येतंय

लेजंडला नुसतं 'पानशेत' असं दिलं आणि चौकटीत फक्त 'प' आला? त्याला नावांची यादी हवी असते आणि तुम्ही एक स्ट्रिंग दिलीत, मग तो त्या स्ट्रिंगचीच यादी समजून एकेक कॅरेक्टर एकेका लाइनला वाटत जातो. पहिल्या लाइनला प, आणि दुसरी लाइन असेल तर तिला नुसता काना. एकच नाव असलं तरी चौकोनी कंसात घाला.

पण खरं सांगायचं तर लेजंडला नावांची यादी देणं हा प्रकारच मी आता बंद केलाय. त्याचं कारण सांगतो, कारण वरच्या सगळ्या चुका निदान डोळ्याला दिसतात, ही दिसत नाही.

ऑगस्टमधला सोमवार होता. मला वाटलं मागच्या वर्षी या तारखेला किती साठा होता ती एक आडवी तुटक रेघ टाकावी. रेघ टाकली, आणि ती नेमकी धरणांच्या लाइनींच्या आधी टाकली. खाली लेजंडला जुनी यादी तशीच होती, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. आता मॅटप्लॉटलिबने काय केलं, यादी हातात आली की तो लेबल आहे-नाही बघत नाही, एक्सिसवर ज्या क्रमाने वस्तू काढल्या त्या क्रमाने नावं चिकटवत जातो. तुटक रेघ झाली खडकवासला, खडकवासल्याची लाइन झाली पानशेत, पानशेत झालं वरसगाव, वरसगाव झालं टेमघर, आणि खरं टेमघर राहिलं बिननावाचं. एरर नाही, वॉर्निंग नाही, चार्ट दिसायला एकदम झकास. मी पाठवून दिला. दहा मिनिटांत ग्रुपमधल्या एका रिटायर्ड इंजिनिअर काकांचा मेसेज, "अरे, टेमघर ३.७१ टीएमसीचं धरण आहे, त्यात बारा टीएमसी कुठून आणलंस?" चारही धरणांची क्षमता त्यांना तोंडपाठ, खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, एकूण २९.१५. मला पाठ नव्हती. आता आहे.

तेव्हापासून नियम एकच, लेबल द्यायचं ते प्लॉट करतानाच, त्या त्या लाइनला, आणि लेजंडचे कंस रिकामे ठेवायचे. ज्या रेघेचं नाव नकोय तिला लेबलच द्यायचं नाही. हँडल्स स्वतःच द्यायची वेळ आलीच तर एक लक्षात ठेवा, प्लॉट नेहमी यादी परत करतो, एकच लाइन असली तरी, म्हणून व्हेरिएबलच्या नावापुढे स्वल्पविराम लागतो, तो विसरलात तर 'लेजंड डझ नॉट सपोर्ट हँडल्स फॉर लिस्ट इन्स्टन्सेस' असलं काहीतरी ऐकून घ्यावं लागतं. तो एवढासा स्वल्पविराम, पण दिसत नाही म्हणून अर्धा तास खातो.

चाळीस नावं

हे माझ्याच लोभामुळे झालं. मागच्या दहा वर्षांच्या लाइन फिकट करून मागे टाकल्या, चार धरणं गुणिले दहा वर्षं, लूपमध्ये प्रत्येकीला धरणाचं नाव लेबल. हजेरीत चाळीस नावं. उपाय दोन आहेत, एक तर लूपमध्ये पहिल्याच वर्षाला लेबल द्या आणि बाकीच्यांना देऊ नका, किंवा वरच्या त्या दोन याद्या घेऊन लेबल ही की आणि हँडल ही व्हॅल्यू अशी डिक्शनरी करा, डुप्लिकेट आपोआप गळतात, मग डिक्शनरीच्या व्हॅल्यूज आणि कीज लेजंडला द्या. दुसऱ्या उपायात एक गोम आहे, एकाच नावाची दहा हँडल्स असतील तर डिक्शनरीत शेवटचं टिकतं. माझ्या चार्टमध्ये शेवटची लाइन चालू वर्षाची, जाड आणि गडद, म्हणून मला ते सोयीचं पडलं. तुमचा क्रम उलटा असेल तर लेजंडमध्ये फिकट रंग येईल आणि तुम्ही अल्फा (पारदर्शकपणा) शोधत बसाल.

चार सबप्लॉट, लेजंड एकालाच

पीएलटी डॉट लेजंड लिहिलंय ना? तो फक्त 'चालू' एक्सिसवर जातो आणि चालू म्हणजे बहुतेक वेळा शेवटचा बनवलेला. हे असं का, तर जॉन हंटर नावाच्या न्यूरोबायोलॉजिस्टने हा सगळा प्रकार सुरू केला (२००३ मध्ये पहिली आवृत्ती आली) तेव्हा मॅटलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना ओळखीचं वाटावं अशी रचना ठेवली, आणि मॅटलॅबमध्ये चालू फिगर, चालू एक्सिस असाच कारभार असतो. एकच चार्ट असेल तर मजेत चालतं. सबप्लॉट, म्हणजे एका फिगरमध्ये अनेक एक्सिस, आले की सरळ एएक्स डॉट लेजंडवर या, प्रत्येकाला वेगळा. सगळ्यांना मिळून एकच हवा असेल तर फिग डॉट लेजंड, तो सगळ्या एक्सिसवरची लेबलं गोळा करतो, फक्त मग तेच नाव चार वेळा येईल, त्याला वरचीच डिक्शनरी.

याचंच भावंड म्हणजे एकाच एक्सिसवर दोन लेजंड हवेत, एक रंगांचा आणि एक लाइनच्या प्रकारांचा, आणि दुसरा काढला की पहिला नाहीसा होतो. एक्सिसकडे लेजंडची जागाच एक असते. पहिला लेजंड व्हेरिएबलमध्ये धरा, दुसरा काढा, मग पहिला अ‍ॅड आर्टिस्टने परत चिकटवा.

दोन वाय एक्सिस

माझ्या चार्टमध्ये डावीकडे टीएमसी आणि उजवीकडे पावसाचे मिलिमीटर. ट्विन एक्स केलं की दिसायला एक चार्ट असला तरी आत दोन एक्सिस असतात, दोन तुकड्या, दोन हजेऱ्या. दोघांना वेगवेगळं लेजंड म्हणलं तर दोन चौकटी, बऱ्याचदा एकावर एक. डावीकडच्याला म्हणलं तर पाऊस गायब. आणि अजून एक त्रास, डावीकडच्या एक्सिसच्या लेजंडवरून उजवीकडचे बार आरपार जातात, लेजंडचा झेड-ऑर्डर (कोण कुणाच्या वर रंगवायचं ते ठरवणारा आकडा) हजार केला तरी फरक पडत नाही, कारण झेड-ऑर्डरची भांडणं एकाच एक्सिसच्या आत चालतात, इथे आधी पहिला एक्सिस लेजंडसकट रंगवून होतो आणि मग त्याच्यावर अख्खा दुसरा. मी यात एक पूर्ण संध्याकाळ घालवलीये.

उपाय सोपा आहे. दोन्ही एक्सिसकडून हँडल्स आणि लेबलं घ्या, यादीला यादी जोडा, आणि लेजंड दुसऱ्या म्हणजे वरच्या एक्सिसवर काढा. पांडाजमध्ये सेकंडरी वाय वापरत असाल तर तो हे जोडकाम स्वतःच करतो, पण नावापुढे कंसात 'राइट' लावतो, ते नको असेल तर मार्क राइट फॉल्स करा.

लेजंड उड्या मारतो

मागच्या सोमवारी वर डावीकडे होता, या सोमवारी खाली उजवीकडे, कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नाही. लोकेशन दिलं नाही तर डिफॉल्ट 'बेस्ट' असतं, २.० व्हर्जनपासून, आणि बेस्ट म्हणजे डेटा कमीत कमी झाकला जाईल अशी जागा. डेटा बदलला की जागा बदलते. एका चार्टपुरतं ठीक आहे पण दर आठवड्याला तोच चार्ट लोक बघत असतील तर त्यांना ते डोळ्यांना खटकतं. शिवाय बेस्टला फक्त स्वतःच्या एक्सिसवरच्या गोष्टी दिसतात, ट्विन एक्सवाल्या दुसऱ्या एक्सिसचे बार त्याच्या हिशोबातच नाहीत, म्हणून तो खुशाल त्यांच्यावर जाऊन बसतो. आणि डेटा लाखभर पॉइंटचा असेल तर बेस्ट जागा शोधता शोधता चार्टच हळू होतो, तसं वॉर्निंगही देतो. ठरावीक कोपरा द्या आणि मोकळे व्हा. धरणांच्या लाइन जूनमध्ये खाली असतात आणि ऑगस्टकडे वर चढतात, त्यामुळे माझ्या चार्टचा वरचा डावा कोपरा सहसा मोकळा असतो, मी तोच पक्का केला होता. सहसा म्हणतोय, कारण जुलैच्या सुरुवातीलाच धो धो पडला की तोही भरतो.

मग बाहेर काढायचा. इथे बीबॉक्स टू अँकर येतो आणि बहुतेक लोक इथेच गोंधळतात, मीही. अँकर म्हणजे भिंतीतला खिळा. तो एक्सिसच्या मापात सांगायचा, डावी-खालची टोक शून्य-शून्य, उजवी-वरची एक-एक, म्हणजे १.०२ आणि १ म्हणजे उजव्या कडेच्या जरा बाहेर, अगदी वर. आणि लोकेशन म्हणजे चौकटीचा कुठला कोपरा त्या खिळ्याला अडकवायचा. चार्टचा कोपरा नाही, चौकटीचा! म्हणून लेजंड उजवीकडे बाहेर हवा असेल तर लोकेशन 'अपर लेफ्ट' द्यायचं, वाचायला उलटं वाटतं, पण चौकटीचा वरचा डावा कोपरा खिळ्याला लागला की बाकीची चौकट उजवीकडे लोंबते. तुम्ही 'अपर राइट' दिलंत तर ती डावीकडे, म्हणजे परत चार्टवरच येणार. लोकेशन दिलंच नाही तर बेस्टच चालू राहतं आणि कुठला कोपरा अडकवायचा ते तो ठरवतो. दोन्ही द्या, कायम.

माझ्यापुरतं शेवटी मी लेजंड वरच्या कडेवर एका ओळीत आडवा टाकला. अँकरला चार आकडे द्यायचे, ०, १.०२, १, ०.२, लोकेशन 'लोअर लेफ्ट', मोड 'एक्सपांड', कॉलम चार. चार धरणं चार कॉलममध्ये कडेपासून कडेपर्यंत पसरतात. मोबाइलवर बघणाऱ्यांना उजवीकडच्या लेजंडपेक्षा हे बरं, कारण चार्टची रुंदी खात नाही. नावं जास्त असतील तर हे ध्यानात ठेवा की लेजंड आधी कॉलम खाली भरतो आणि मग पुढच्या कॉलमला जातो, आपण वाचतो आडवं, त्यामुळे क्रम विस्कटल्यासारखा वाटतो.

नोटबुकात पूर्ण, फाइलमध्ये कापलेला

हा प्रकार बाहेर काढलेल्या प्रत्येक लेजंडच्या नशिबी आहे. ज्युपिटरमध्ये सुंदर दिसतो, सेव्ह फिग करून पीएनजी उघडली की 'खडकवा' एवढंच. कारण ज्युपिटरचा इनलाइन बॅकएंड (चित्र रंगवणारा भाग) चित्र दाखवताना आपणहून बीबॉक्स इंचेस 'टाइट' लावतो, म्हणजे बाहेर लोंबणारं सगळं कवेत घेतो. सेव्ह फिग तसं करत नाही, तो फिगरच्या कडेला कात्री लावतो. सेव्ह फिगला तेच टाइट द्या की काम झालं.

पण टाइटची एक किंमत आहे, चित्राची साइज बदलते. डिफॉल्ट फिगर ६.४ बाय ४.८ इंच, १०० डीपीआयला ६४० बाय ४८० पिक्सेल. टाइट लावलं की तो नको ते छाटतो आणि हवं ते वाढवतो, मग या आठवड्याची पीएनजी वेगळ्या मापाची आणि पुढच्या आठवड्याची वेगळ्या. स्लाइडमध्ये ठरावीक चौकटीत चार्ट बसवायचा असेल तर हे फार चिडवतं. त्यासाठी फिगर बनवतानाच लेआउट 'कन्स्ट्रेन्ड' करा, मग फिगरचं माप तसंच राहतं आणि आतला चार्ट अंग चोरून लेजंडला जागा देतो. ३.७ व्हर्जनपासून फिग डॉट लेजंडला 'आउटसाइड राइट अपर' असं लोकेशनही देता येतं, कन्स्ट्रेन्डबरोबर ते मस्त चालतं, अँकर-बिंकर काही लागत नाही. नवीन स्क्रिप्ट लिहीत असाल तर इथूनच सुरुवात करा, मी जुन्या सवयीने अजून आकडेच देतो.

किरकोळ, पण परत परत येणारं

स्कॅटरमध्ये रंग कॅटेगरीवरून दिलाय आणि लेजंडमध्ये एकच ठिपका येतो, तर स्कॅटरने परत केलेल्या ऑब्जेक्टवर लेजंड एलिमेंट्स नावाची मेथड आहे, ती रंगवार हँडल्स काढून देते. ठिपके पारदर्शक ठेवल्यामुळे लेजंडमध्ये दिसेनासे झालेत, तर लेजंडच्या हँडल्सवर लूप लावून अल्फा १ करा. इथे जुन्या कोडला ठेच लागते, पूर्वी ते लेजंडहँडल्स असं जोडून आणि मधल्या एचला कॅपिटल करून लिहायचे, ३.७ मध्ये ते लहान लिपीत मधे अंडरस्कोअर देऊन आलं आणि ३.९ मध्ये जुनं नाव काढूनच टाकलं. इंटरनेटवरची निम्मी उत्तरं जुन्या नावाने आहेत. कॉपी केलंत आणि अ‍ॅट्रिब्यूट एरर आली तर तुमचं काही चुकलेलं नाही.

सीबॉर्नचा हिस्टप्लॉट काढून नंतर जागा बदलायला एएक्स डॉट लेजंड म्हणलं की होता तोही लेजंड पुसला जातो आणि रिकामी चौकट येते, कारण तिथल्या बारना लेबलं नसतातच, सीबॉर्नने लेजंड हाताने रचलेला असतो. त्यांनी त्यासाठी मूव्ह लेजंड म्हणून वेगळं फंक्शन दिलंय, ते वापरा.

आणि आता मराठी

लेजंडमध्ये देवनागरी घातली की पहिल्यांदा सगळ्यांना चौकोन दिसतात. मॅटप्लॉटलिबचा डिफॉल्ट फॉन्ट डेजावू सॅन्स, त्यात देवनागरी नाही. वॉर्निंग येतं की ग्लिफ २३४६, देवनागरी लेटर प, या फॉन्टमध्ये नाही, आणि पुढे एक ओळ येते की मॅटप्लॉटलिब सध्या देवनागरीला मुळातून सपोर्ट करत नाही. ही दुसरी ओळ आपण वाचत नाही. वाचायला हवी.

आधी चौकोनांचा बंदोबस्त. नोटो सॅन्स देवनागरी टाका, आणि फॉन्ट फॅमिलीला एक नाव न देता यादी द्या, आधी डेजावू सॅन्स, मग नोटो. ३.६ पासून पहिल्या फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर तो पुढच्यात बघतो, म्हणजे आकडे-इंग्रजी एकातून आणि मराठी दुसऱ्यातून. फॉन्ट टाकूनही 'सापडत नाही' म्हणत असेल तर त्याने जुनी फॉन्टलिस्ट कॅशमध्ये धरून ठेवलेली असते, ती फाइल उडवा, किंवा फॉन्ट मॅनेजरच्या अ‍ॅडफॉन्टला सरळ टीटीएफचा पाथ द्या. लिनक्स सर्व्हरवर मी नेहमी दुसरं करतो.

काही जण फॉन्ट फक्त लेजंडला देतात, प्रॉप नावाच्या पॅरामीटरमधून. चालतं, पण दोन खड्डे आहेत. प्रॉप दिलं की शेजारी दिलेला फॉन्टसाइज तो बघतही नाही, साइज प्रॉपच्या आतच द्यावी लागते. आणि प्रॉप लेजंडच्या टायटलला लागू होत नाही, म्हणजे आत 'पानशेत' नीट आणि वर टायटलला चौकोनच. टायटलचं वेगळं टायटल फॉन्टप्रॉपर्टीज असतं.

माझ्या चार धरणांना एवढं केल्यावर सगळं छान दिसलं. वॉर्निंग पण गेलं. मला वाटलं जिंकलो.

मग एकाने विचारलं, कुकडी प्रकल्पाची धरणं पण टाक ना. येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे, माणिकडोह. टाकली. लेजंडमध्ये आलं 'माणकिडोह'. डिंभेचं तर असं काही झालं की ते टाइपही करता येत नाही. आणि वाय एक्सिसवर टक्के लिहिलं होतं, त्यातल्या क चा पाय मोडलेला, जोडाक्षर नाहीच. परत वरची चार नावं बघितली तेव्हा ट्यूब पेटली, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, एकातही ऱ्हस्व इकार नाही की जोडाक्षर नाही! नशिबाने वाचलो होतो.

भानगड अशी आहे की मॅटप्लॉटलिब (निदान ३.१० व्हर्जनपर्यंत तरी) अक्षरं ज्या क्रमाने साठवलेली असतात त्याच क्रमाने एकेक करून मांडतो. माणिक साठवताना ण, मग इकार, मग क. आपण वेलांटी ण च्या आधी काढतो, ब्राउझर किंवा वर्ड ते जागेवर नेऊन ठेवतात, याला शेपिंग म्हणतात. मॅटप्लॉटलिब ते करत नाही, तो वेलांटी ण च्या नंतर ठेवतो आणि मग ती पुढच्या क ची वाटते. आणि वॉर्निंग फक्त फॉन्टमध्ये अक्षर नसेल तेव्हाच येतं, त्यामुळे फॉन्ट मिळाला की वॉर्निंग गप्प आणि चूक जिथल्या तिथे. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, मी पाच फॉन्ट बदलून बघितलेत.

मला जमलेला सगळ्यात सोपा रस्ता एसव्हीजीचा. आरसीपॅराम्स या मॅटप्लॉटलिबच्या सेटिंगमध्ये एसव्हीजी डॉट फॉन्टटाइप 'नन' करा आणि एसव्हीजी म्हणून सेव्ह करा. मग मॅटप्लॉटलिब अक्षरांची चित्रं न काढता मजकूर मजकूर म्हणूनच फाइलमध्ये ठेवतो आणि मांडायचं काम ब्राउझरवर सोडतो, माणिकडोह माणिकडोहच येतं. वेबपेजवर टाकायचं असेल तर इथेच काम संपलं, फक्त बघणाऱ्याच्या मशीनवर तो फॉन्ट हवा. पीएनजी हवी असेल तर तीच फाइल इंकस्केपमधून एक्सपोर्ट करतो, तेही शेपिंग नीट करतं. एकच उणं, चौकटीची रुंदी मात्र मॅटप्लॉटलिबने स्वतःच्या मोडक्या मांडणीवरून मोजलेली असते, त्यामुळे चौकट नावापेक्षा किंचित ढगळ किंवा किंचित घट्ट होते. फ्रेमच बंद केली की कुणाला कळत नाही.

दुसरा रस्ता एमपीएलकैरो नावाचा वेगळा बॅकएंड, तो राक्म ही शेपिंगची लायब्ररी असेल तर शेपिंग करतो आणि सरळ पीएनजी देतो, पण विंडोजवर इन्स्टॉल करताना घाम फुटतो. लेटेकवाले लोक पीजीएफ बॅकएंडला झीलेटेक लावून करतात, त्यांना ते जमतं, मला एका लेजंडसाठी अख्खं लेटेक टाकायचा उत्साह नाही.

आता ऑगस्टपासून पुढे मी लेजंड काढतच नाही, प्रत्येक लाइन जिथे संपते तिथे तिच्याच रंगात नाव लिहितो, वरसगाव वर, त्याच्या खाली पानशेत, मग टेमघर, मग खडकवासला, चौघं नीट अंतर ठेवून असतात. जूनमध्ये हे चालत नाही, तेव्हा खालची नावं तळाला एकमेकांवर चढून बसतात. म्हणून जुलै संपेपर्यंत वरची ती आडवी पट्टी, आणि पुढे नावं टोकाला, स्क्रिप्टमध्ये महिना बघणारं एक इफ टाकून ठेवलंय.